शेपटी कापलेली बिटं

१

दादाची गिरमिटाची बिटं मी चोरली नाहीत, मागून आणली. एवढं आधीच सांगून टाकतो. पुढे जे येणार आहे त्यात माझ्या बाजूची म्हणावी अशी ही एकच गोष्ट आहे.

आम्ही दोघे भाऊ सुतार. तो मोठा, मी धाकटा, आणि पन्नाशी उलटली तरी माझी ओळख 'त्याचा धाकटा भाऊ' हीच. वडिलांची हत्यारं त्याच्याकडे गेली, कारण हात त्याचा होता. माझ्या वाट्याला वडिलांचा संताप आला. तीन वर्षांपूर्वी दादाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून तो पुढच्या खोलीत खिडकीशी, स्वतःच बनवलेल्या लाकडी पलंगावर पडून असायचा. लोक नाइलाजानं माझ्याकडे काम घेऊन येऊ लागले आणि काम झालं की त्यावरून बोट फिरवत म्हणायचे, "चांगलं आहे. पण तुझ्या भावाची गोष्ट वेगळी होती." मी मान डोलवायचो आणि घरी येऊन जेवायचो नाही.

या वर्षी मला एका वसतिगृहाच्या दारांचं काम मिळालं. एकशे ऐंशी दारं, भरीव लाकडाची. प्रत्येक दाराला कुलपासाठी आरपार दोन भोकं पाडायची, एक मुठीचं आणि एक किल्लीचं. वर बसणारी पितळी चकती अगदी लहान होती, त्यामुळे भोकाच्या कडेची जराशी कपची उडाली तरी ती चकतीबाहेर दिसणार आणि दार नापास होणार. बाजारातली नवी बिटं ड्रिल मशीनला झकास बसतात, पण कडा फाडतात. दादाच्या जुन्या बिटांना बाजूला दोन धारदार नखं होती. ती आधी गोल रेघ कापून घ्यायची आणि मगच पोटातलं लाकूड निघायचं. म्हणून मी त्याच्या घरी गेलो.

"मला काय विचारता भाऊजी, ह्यांना विचारा," वहिनी म्हणाल्या.

मी विचारलं. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी ते 'हो' धरलं.

"गिरमिट तेवढं राहू द्या," बिटांची गुंडाळी माझ्या हातात देताना वहिनी म्हणाल्या. "उशाशी टांगलेलं असलं की हे शांत असतात."

गिरमिटाची मला गरजच नव्हती. हातानं फिरवून तीनशे साठ भोकं पाडायला मला काही वेड लागलं नव्हतं.

२

जुन्या बिटाची शेपटी चौकोनी आणि निमुळती असते. हाताच्या गिरमिटात ती घट्ट बसते, मशीनच्या तोंडातल्या तीन दाढांत मात्र घसरते. त्यासाठी मधे घालायचा तुकडा बाजारात मिळतो, हे मला ठाऊक होतं. मी तो शोधला नाही. त्याच दिवशी दुपारी ग्राइंडर घेऊन बसलो आणि चौदाच्या चौदा शेपट्या उडवल्या. शेपटी गेलेलं बिट पुन्हा कधीच गिरमिटाला लागत नाही. म्हणजे आता ती दादाच्या कामाची उरली नव्हती. ठिणग्या उडत होत्या आणि मला बरं वाटत होतं, हे कशाला लपवू?

या बिटांची दुसरी खोड म्हणजे टोकाचा स्क्रू. बारीक आट्यांचा हा काटा लाकडात शिरला की बिटाला स्वतःच आत ओढून नेतो. हातानं फिरवताना याची मदत होते, जोर लावावा लागत नाही. मशीनला लावलं की तोच काटा बेफाम होतो, मनगट पिरगाळतो, आणि तुम्ही खटका सोडेपर्यंत बिट पलीकडे कपच्या उडवून बाहेर पडलेलं असतं.

कपच्या उडू नयेत म्हणून वडिलांनी एक पद्धत शिकवली होती. एका बाजूनं भोक पाडत जायचं. पलीकडे काट्याचं टोक जेमतेम डोकावलं की थांबायचं, वळसा घालून जायचं आणि त्याच टोकाच्या खुणेत काटा ठेवून उरलेलं भोक पलीकडून पुरं करायचं. दोन्ही कडा साफ राहतात. आम्ही दोघे एकत्र काम करायचो तेव्हा मी अलीकडे असायचो आणि दादा दाराच्या पलीकडे. टोक दिसलं की तो लाकडावर दोनदा ठोकायचा. टक, टक. म्हणजे थांब. मग तो स्वतःचं गिरमिट लावून त्याच्या बाजूचं काम संपवायचा. गिरमिटाची मूठ छातीनं दाबायची आणि दांडा फिरवायचा. त्याचा उजवा खांदा जुन्या दुखण्यानं अधू होता, पूर्ण फेरा जमायचा नाही. अर्धा फेरा पुढे, मग गिरमिटाचे दाते कर्र करत मागे, पुन्हा अर्धा फेरा. तरीही माझ्या आधी त्याचं संपलेलं असायचं.

बघणारे नेहमी त्याचीच बाजू बघायचे. अलीकडची बाजू कोणी केली, हे कोणी विचारलं नाही.

३

वसतिगृहाच्या तळमजल्यावर एक मोठं दालन होतं. फरशी व्हायची होती, खिडक्यांना काचा नव्हत्या, सिमेंटचा वास होता. दोन लाकडी घोड्यांच्या मधे दार उभं आवळायचं, भोकं पाडायची, काढून भिंतीला लावायचं. मी एकटाच होतो.

पहिलं दार आवळलं. मशीन अगदी हळू ठेवलं. काटा ओढायला लागला तसा मी मागे रेटून धरला आणि अंदाजानं थांबलो. बिट बाहेर काढायचं, वळसा घालायचा, पलीकडून पुरं करायचं, असा बेत होता. पलीकडे जाऊन पाहतो तर भोक झालेलं. कड नितळ. बोट फिरवलं, कुठे काही लागलं नाही.

शेवटचा पातळ पापुद्रा मशीनच्या थरथरीनं आपोआप सुटून पडला असेल, असं मी धरलं. दुसरं भोक तसंच झालं. तिसरंही. संध्याकाळपर्यंत दहा दारं झाली आणि एकाही भोकाला मला पलीकडून हात लावावा लागला नाही.

झाडायला घेतलं तेव्हा मी थबकलो. माझ्या बाजूला मशीननं फेकलेला भुसा होता, बारीक आणि तुटका. पलीकडच्या बाजूला छिलके होते, लांब, अखंड, गोल गोल वळलेले. असे छिलके मशीन काढत नाही. बिट सावकाश फिरलं तरच ते निघतात. मी एक उचलून हातात धरला आणि स्वतःला समजावलं, की लाकूड ओलसर असेल. लाकूड चांगलं वाळलेलं होतं, मीच तपासून घेतलं होतं.

सुपरवायझर माझ्या मुलाच्या वयाचा होता, कानामागे पेन्सिल खोचलेला. तो आला, वाकला, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मिस्त्री, हे काम मशीनचं वाटत नाही," तो म्हणाला. "फार दिवसांनी असा हात बघितला."

पन्नास वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी छिलके झाडून पोत्यात भरले.

पुढच्या दिवसांत मला आवाजही येऊ लागला. मशीन बंद केलं की त्याची घरघर मंद होत जाते. ती पूर्ण थांबायच्या आत, दाराच्या पलीकडून, कर्र. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा कर्र. मी वळसा घालून पोचेपर्यंत तिथे भोक आणि छिलके, एवढंच असायचं. रिकाम्या दालनात आवाज घुमतात, मशीनची मोटर गार होताना वाजते, माझे कान म्हातारे झालेत. कारणांना काय तोटा? मी रोज नवं कारण घेऊन कामावर जात होतो.

४

रविवारी दादाकडे गेलो. वहिनींनी दारातच हात धरला. त्या कधी असं करत नाहीत.

"भाऊजी, ह्यांचा हात हलतोय. उजवा."

आत दादा उताणा पडला होता. उजवा हात पांघरुणावर होता. तीन वर्षांत तो मऊ पडला होता, गादीवर विसरून ठेवलेल्या कपड्यासारखा. आता त्याच्या तळव्यावर दोन फोड होते. एक फुटला होता.

"पांघरूण घासून झालेत," वहिनी म्हणाल्या. "पण झाले तर झाले. व्यायाम घ्यायला येते ती बाई म्हणाली, फार चांगलं लक्षण आहे, हलू दे. मी तर बघतच बसते. असा अर्धा वळतो, थांबतो, परत वळतो."

"दिवसभर?"

"सकाळी नऊला सुरू. एकला थांबतो. परत दोनला सुरू होतो तो सहापर्यंत. कामावर लागलेत म्हणा ना," असं म्हणून त्या हसल्या. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "गुरुवारी तेवढी सुट्टी घेतली, आणि आज. अजिबात हलला नाही."

गुरुवारी दारांचा ट्रक आला नव्हता. मी दिवसभर घरी झोपलो होतो.

मी खुर्चीवर बसलो. उशाशी गिरमिट टांगलेलं होतं, त्याच्यावर धूळ होती. मी उठून मुद्दाम बोटानं पुसून पाहिलं. धूळ खरी होती, त्याला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे माझी शंका वेडगळ होती. हा पुरावा मला फार आवडला. परत येताना सगळ्या रस्त्यानं मी त्या धुळीचाच विचार करत होतो.

दादा माझ्याकडे बघत होता, तो विचार मी केला नाही.

५

तरी सोमवारी मी नवी बिटं काढली. उगाच विषाची परीक्षा नको, एवढंच कारण मी स्वतःला दिलं.

अकरा दारं झाली. वळसा घालून गेलो, पलीकडून स्वतः पुरं केलं, जमेल तेवढं जपून केलं. सुपरवायझर आला, पहिल्या दाराशी वाकला, दुसऱ्याशी वाकला आणि मग न वाकताच उभा राहिला.

"मागच्या आठवड्यातली दारं तुम्हीच केलीत ना मिस्त्री? की दुसरा कोणी करून गेला?"

"मीच केली."

"मग आज काय झालं? ह्या कडा बघा. ही मी पुढे पाठवू शकत नाही. असंच होणार असेल तर आत्ताच सांगा, मी दुसरा माणूस बघतो."

तो रागावला नव्हता. त्याचा हिरमोड झाला होता, आणि तो चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. वडिलांचा तसाच व्हायचा, दादाच्या कामावरून त्यांची नजर माझ्या कामाकडे आली की.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आवाज रडका होता.

"आजही हात हललाच नाही हो. सबंध दिवस. मी चोळून दिला, तेल लावलं, काही नाही. पुन्हा गेला का हो हात, भाऊजी?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "उद्या हलेल."

"तुम्हाला काय माहीत?"

"हलेल."

मंगळवारी मी जुनी बिटं लावली. वहिनींसाठी, असं मनाशी म्हटलं. त्या बाईची आशा मोडायची का? हे म्हणताना मला स्वतःची लाजही वाटली नाही, इतकं ते वाक्य सोयीचं होतं. अकरा नापास दारांच्या भोकांत लाकडाचे जोड बसवून ती पुन्हा पाडली, आणि तेही काम पलीकडच्या बाजूनं सुरेख झालं.

एक फरक मात्र पडला होता. पूर्वी मी वळसा घालेपर्यंत भोक तयार असायचं. आता वेळ लागत होता. मशीन बंद झाल्यावर ते कर्र, कर्र बराच वेळ ऐकू यायचं, मधले थांबे लांबत चालले होते. म्हणून मी लगेच पलीकडे जाणं सोडलं. खिडकीशी जाऊन पाणी प्यायचो, बाहेर वाळूचा ढीग बघायचो. आवाज थांबला की मगच जायचो.

६

चाळीस दारं राहिली होती तेव्हा मी पुन्हा गेलो. जेवणाच्या सुट्टीत, एक ते दोनच्या मधे, मुद्दाम.

दादाचा चेहरा अर्धा झाला होता. गळ्याची हाडं वर आली होती. उजव्या तळव्याला फडकं बांधलं होतं आणि त्यावर तांबूस डाग होता. खांद्याखाली वहिनींनी उशी दिली होती.

"खांदा सुजलाय," त्या म्हणाल्या. "अन्न जात नाही. पण डॉक्टर म्हणाले, हालचाल वाढली की भूकही वाढेल. मेहनत तर लागतेच ना, भाऊजी? तीन वर्षांचं झोपलेलं अंग आहे."

"लागतेच," मी म्हणालो.

त्या पाणी आणायला आत वळल्या तेवढ्यात दादानं चांगला, डावा हात उचलला. सावकाश पलंगाच्या काठावर नेला. आणि बोटाच्या पेरानं लाकडावर ठोकलं. टक, टक.

मी उभाच होतो. त्यानं पुन्हा ठोकलं. टक, टक. त्याचे डोळे माझ्यावर होते. त्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. रागाला माझ्याकडे उत्तर तयार होतं, पन्नास वर्षं घोटून ठेवलेलं. पण तो फक्त सांगत होता, दाराच्या पलीकडून सांगायचा तसं, कामातली गोष्ट कामातल्या माणसाला.

वहिनी तांब्या घेऊन दारात आल्या. "हे असं रोज करतात आता. आठवडा झाला. दिवसभर मधून मधून ठोकत असतात, मला तर काही कळत नाही. तुम्ही एकत्र वाढलात, तुम्हाला तरी कळतंय का?"

मला कळत होतं. या जगात ते कळणारा मी एकटा माणूस उरलो होतो.

"तहान लागली असेल," मी म्हणालो. "पाणी मागतोय."

"अगंबाई, एवढंच?" त्यांनी त्याला उठवून बसवलं आणि घोट घोट पाणी पाजलं. तो प्यायला. माझ्यावरची नजर न काढता सगळं पाणी प्यायला.

दोनला पाच मिनिटं कमी होती. मी चपला घातल्या.

७

मी थांबू शकलो असतो. हे मी कोणी विचारायच्या आत सांगतो. नवी बिटं होती, माफी मागायला तोंड होतं, काम सोडता आलं असतं. सुपरवायझरनं फार तर दुसरा माणूस बघितला असता. पण मधल्या काळात त्यानं इतर साइटवरच्या लोकांना आणून माझी दारं दाखवली होती. ते वाकून कडा बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. त्यातल्या एकालाही माझ्या भावाचं नाव माहीत नव्हतं.

शेवटचं दार चौथ्या दिवशी, दुपारी साडेतीनला आवळलं. मुठीचं भोक झालं, त्याला फार वेळ लागला. किल्लीचं राहिलं. मी मशीन लावलं, काट्यानं ओढ घेतली, मी थांबलो. घरघर विरली. कर्र. मग काहीच नाही. मी खिडकीशी गेलो, पाणी प्यायलो. वाळूवर एक कुत्रं झोपलं होतं. पलीकडून आवाज येईना.

संपलं असेल म्हणून मी वळसा घातला, आणि पहिल्यांदाच वेळेआधी पोचलो.

भोक अर्धवट होतं. गोल रेघ कापलेली, आतलं लाकूड थोडंसं खोदलेलं. समोर कोणी नव्हतं, काही नव्हतं, उघडी भिंत आणि दुपारचं ऊन. त्या उन्हात एक छिलका लाकडातून वर उचलला गेला. अर्धा फेरा. थांबला. कर्र. पुन्हा उचलला, आधीपेक्षा कमी. भोकाच्या डाव्या अंगाला, माणूस टेकायला हात ठेवतो तिथे, घामाचा पंजा उमटला. पाचही बोटं दिसली. मग ती कडेनं सुकत गेली, आणि पुन्हा ओली झाली.

माझ्या कमरेच्या पट्ट्यात नवं बिट होतं. मशीन दोन पावलांवर होतं. उरलेलं लाकूड चार-पाच फेऱ्यांचं, मी ते पुरं केलं असतं तर एक कड थोडी फाटली असती. एकशे ऐंशीतल्या एका दाराची एक कड.

मी हात बांधून उभा राहिलो आणि त्याचं पुरं व्हायची वाट पाहिली.

किती वेळ गेला ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. छिलका उचलायचा, थांबायचा. दोन उचलण्यांच्या मधे मी श्वास मोजायला लागलो होतो, माझे. शेवटी लाकडाची गोल चकती सुटली आणि जमिनीवर पडली. पंजा दारावर थोडा वेळ राहिला. मग तो सुकला, आणि परत ओला झाला नाही.

खिशातला फोन वाजायला लागला. काढून पाहिलं. वहिनी.

तेवढ्यात सुपरवायझर आला. "झालं शेवटचं?" तो वाकला, किल्लीच्या भोकावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. फोन वाजत होता. मी आवाज बंद केला, पण हातात त्याची थरथर लागत राहिली.

"सगळ्यांत साफ हे आहे," तो म्हणाला. "खरं सांगा मिस्त्री, कोणाकडे शिकलात?"

"कोणाकडे नाही," मी म्हणालो. "माझं मीच शिकलो."